जीप तिच्यासाठी थांबते

दिंडोरीच्या पलीकडे मी ज्या गावात शिकवायला जाते, तिथं घरं इतकी थोडी आहेत की एसटी आत येत नाही. परतायला दुपारची एकच जीप असते.

त्याच जीपने गावातली एक मुलगी द्राक्षांच्या पॅकिंगला जाते. माझ्याच वयाची असेल. जीप भरली तरी तिचा पत्ता नसतो, आणि ड्रायव्हर निघत नाही. मग ती ओल्या केसांची वेणी घालत निवांत येते.

"महाराणी, पालखी धाडू का?" ड्रायव्हर विचारतो.

"धाड ना. तुझ्या जीपपेक्षा बरी चालंल," म्हणत ती कुणाला तरी ढकलून बसते.

मला तिचा हेवा वाटतो. अशी उत्तरं मला घरी गेल्यावर सुचतात, तीही इंग्रजीत. मी रोज वेळेआधी येऊन कोपऱ्यात गप्प बसते. परवा उशीर झाला, तर जीप निघून गेली. फाट्यापर्यंत उन्हात चालताना मी चिडले होते, तेही तिच्यावरच.

काल ती म्हणाली, "आमाला वाटलं, म्याडम दुसऱ्या गाडीनं गेल्या. तुम्ही कोनाला काय सांगतच नाय, कसं कळायचं?"

"उद्या थोडा उशीर होईल," मी म्हणाले. उशीर होणार नव्हता.

आज शाळा सुटल्यावर मी रिकाम्या वर्गात बसून राहिले. बाहेर हॉर्न वाजला. मग तिचाच आवाज आला, "ओ म्याडम, चला की! लोकं उकडून मेली!"

मी पर्स उचलली आणि परत खाली ठेवली. बघू दे तिलाही जरा वाट.