स्लॅबवरची गोधडी

गच्चीवरचं जुनं सिमेंट फोडताना मिस्त्रीनं हिरव्या कापडाची चिंधी वर ओढली. "दीदी, यहाँ कपड़ा किसने भर दिया?" त्यानं कालवलेल्या सिमेंटचा वास नाकात गेला आणि मी एकदम दहा वर्षांची झाले.

इंद्रपुरीतलं कारखान्याचं क्वार्टर सोडून बाबा अशोका गार्डन वस्तीत स्वतःच घर बांधत होते. कारखान्यात मशिनं दुरुस्त करणारा माणूस. घरात काय एवढं अवघड, म्हणाले. भर मे महिन्यात स्लॅब टाकला आणि दुसऱ्याच दिवशी नळ बंद. पाण्यावाचून स्लॅब उन्हात तडकू लागला. बाबा गुडघ्यांवर बसून भेगांमध्ये सिमेंटचं पाणी ओतत होते. "गेला गं स्लॅब," ते आईला एवढंच म्हणाले.

आईनं घरातल्या सगळ्या गोधड्या पिंपातल्या प्यायच्या पाण्यात बुडवून स्लॅबवर पसरल्या. तरी एक भेग उघडीच राहिली. मग तिनं आजीच्या लुगड्यांची हिरवी गोधडी काढली.

"आजीची नको ना!" मी रडले.

"आजी असती तर तिनंच टाकली असती."

गोधडी सिमेंटला चिकटली. ओढली तशी फाटली. भेगेत अडकलेल्या तुकड्यावर बाबांनी तसंच सिमेंट लिंपलं. किती दिवस मी आईशी बोलले नाही. आज कळतं, तिच्याकडे टाकण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं.

"निकाल दूँ?" मिस्त्री विचारतोय.

छत गळतंय ते नेमकं तिथूनच.