नेमलेली बाई

"आणि या आमच्या टू-इन-वन. महिलापण, एस्सीपण. एका खुर्चीत दोन कोटे भागले."

चेअरमन माझ्याकडं हात करून असं म्हणाला आणि माईक खाली ठेवला. सोसायटीची गेल्या वर्षीची वार्षिक सभा होती. जुईनगरची आमची चार मजली बिल्डिंग, पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, पन्नास-साठ माणसं. सगळी हसली. माझा नवरा मागच्या रांगेत होता, तो स्वतःच्या बुटाकडे बघत बसला.

आणि मीही हसले. सांगायला लाज वाटते, पण तेच सांगायचंय. दात काढून हसले. वर हातपण जोडले.

कमिटीत मला घेऊन चार वर्षं झाली होती. चेअरमन एके दिवशी दारात येऊन म्हणाला होता, मॅडम, कमिटीत एक राखीव जागा भरावी लागते, तुमचं नाव टाकतो. मला केवढं कौतुक! हिंगोलीकडच्या खेड्यातली मी. आमच्या बापाला गावात पारावर बसायची सोय नव्हती, आणि मी सोसायटीच्या कमिटीत. आईला फोन केला. ती म्हणाली, "दिलंय ना माय त्यानं? मग गप बस. मोठ्याच्या तोंडी लागू नको."

गप बसले. मीटिंग चेअरमनच्या हॉलमध्ये व्हायची. सगळ्यांना कपबशीत चहा, मला कागदी ग्लासात. त्याची बायको म्हणायची, तुम्हाला घाई असते ना. मला कधीच घाई नसायची. मी तो चहा प्यायचे आणि ग्लास स्वतः उचलून घरी नेऊन टाकायचे. कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं.

मी कस्टमची कागदं करते. न्हावा शेव्याच्या बंदरातून परदेशी माल पाठवणाऱ्यांची. ऑफिसात एक गिऱ्हाईक यायची, फातू. गांबियाची. पश्चिम आफ्रिकेतला इवलासा देश, आपल्या एखाद्या जिल्ह्याएवढा. इथून शिलाई मशीन आणि स्टीलची भांडी न्यायची. ती आली की आमच्या ऑफिसातली पोरं पाठीमागं काहीबाही बोलायची. रंगावरून, केसांवरून. एक जण म्हणाला, त्यांचा देश केवढा न त्यांचं सरकार केवढं, झाडाखाली बसून चालवत असतील. तेव्हाही मी हसले होते. स्वतःवर हसणाऱ्यांत हसणाऱ्या बाईला दुसऱ्यावर हसायला किती वेळ लागतो?

या वर्षी कमिटीची मुदत संपत आली. त्याच सुमारास एका दुपारी मी आणि फातू जासईच्या कंटेनर यार्डात अडकलो. तिचा कंटेनर तपासणीला काढला होता आणि कस्टमच्या साहेबाचा पत्ता नव्हता. कँटीनच्या बाकड्यावर दोघी बसलेल्या. माझा फोन सारखा वाजत होता. सोसायटीच्या ग्रुपवर चेअरमनचा मेसेज होता, दरवेळेप्रमाणे खेळीमेळीत, बिनविरोध. खाली अंगठ्यांची रांग.

फातूने विचारलं, काय आहे. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, निवडणूक, आमच्या बिल्डिंगच्या कमिटीची, मीपण आहे तिच्यात. तिनं विचारलं, किती उभे? म्हटलं, कुणी नाही, ठरलेलं असतं.

ती हसली. म्हणाली, आमच्याकडंही बावीस वर्षं ठरलेलंच होतं.

मग सांगत बसली. एक लष्करातला माणूस खुर्चीवर बसला तो उठेचना. राष्ट्राध्यक्ष तोच. मंत्री तो नेमणार, तोच काढणार. गावचे मुखियासुद्धा वरून ठरायचे. निवडणुका व्हायच्या, पण उलट बोलणारा घरी परत येईल याची खात्री नाही. तिचा मामा असाच गेला, तो आलाच नाही. हे सांगताना तिने चहा बाजूला ठेवला.

तिच्या आईला लिहिता-वाचता येत नाही. तिथं बऱ्याच जणांना येत नाही, म्हणून मत गोट्यांनी देतात. खरंच, काचेच्या गोट्या. मतदान केंद्राच्या आत पत्र्याची पिंपं असतात, एका उमेदवाराला एक, त्याच्या रंगाचं, त्याच्या फोटोचं. हातात एकच गोटी मिळते. पिंपाच्या नळीत सोडली की आत घंटी वाजते. बाहेरचा अधिकारी कान देऊन बसलेला. एकदा वाजली, ठीक. दोनदा वाजली तर धरलं. त्या दिवशी केंद्राजवळ सायकल नेता येत नाही, का तर तिलाही घंटी असते! पण घंटी कुठल्या पिंपात वाजली, हे बाहेर कुणालाच कळत नाही. मुखियाला नाही, पोलिसाला नाही, राष्ट्राध्यक्षाला नाही.

त्या बाविसाव्या वर्षीच्या निवडणुकीत मुखियाचा माणूस बाहेर उभा होता. फातूची आई त्याला हात जोडून आत गेली, गोटी टाकली, हात जोडून बाहेर आली. अशा हात जोडणाऱ्या बायांनीच त्या राष्ट्राध्यक्षाला पाडला. आधी हरलो म्हणाला, मग आठवड्यात फिरला, उठत नाही म्हणाला. शेजारच्या देशांचं सैन्य सरहद्दीवर आलं तेव्हा विमानात बसून गेला.

घटना लिहिणारा बाप आमच्या घरात भिंतीवर आहे. रोज हार बदलते मी. आणि मला वाटत होतं, हे लोक झाडाखाली सरकार चालवतात.

आता सगळं बरं झालं असेल ना, मी विचारलं. ती म्हणाली, कुठलं बरं. नवी राज्यघटना लिहिली, तर संसदेत पुरेशी मतंच पडली नाहीत. आणि संसदेत पाच जण अजून राष्ट्राध्यक्षच नेमतो. लोकांनी न निवडलेले. ज्याने नेमलं त्याच्याकडं बघून बोलतात, असं ती म्हणाली. मग सहज विचारावं तसं विचारलं,

"तू तुझ्या कमिटीत निवडून आलीस की नेमलेली?"

"नेमलेली," मी म्हणाले. तोंडातून आपसूक निघालं. कानफटात बसावी तसं झालं.

घरी आले आणि कायदा वाचला. मोबाईलवर, मराठीत, दोन रात्री. राखीव जागा कायद्याने दिलेली. त्याच्यासाठीसुद्धा निवडणूक. बाईची जागा वेगळी, एस्सीची वेगळी. त्या चेअरमनने माझं मला दिलं आणि पाच वर्षं वर उपकार चढवले. आणि मी कागदी ग्लास धुवायचा बाकी ठेवला होता फक्त. इतका राग आला की रडूच आलं.

मी अर्ज भरला. खुल्या जागेवर. राखीव जागा माझ्या हक्काचीच आहे, पण मला एकदा बघायचं होतं की ही माणसं मला नुसती माणूस म्हणून निवडतात का. तेवढंच.

सभेत चेअरमनने अर्ज वाचला आणि गोड हसला. मॅडम, तुमची जागा आहे ना, जनरलमध्ये कशाला गर्दी? मी म्हटलं, मतदान घ्या, चिठ्ठीवर घ्या. तो म्हणाला, सगळे घरचेच आहेत, चिठ्ठी कशाला, हात वर करा. आणि पेन काढून वही उघडून उभा राहिला. कोण हात वर करतंय ते लिहायला.

तीन हात. एक माझा, फ्लॅटमागं एकच मत. एक तिसऱ्या मजल्यावरच्या मुकादम काकूंचा, त्यांनी चेअरमनच्या डोळ्यात डोळे घालून वर केलेला. एक वरच्या गच्चीखालच्या म्हाताऱ्या मास्तरांचा. आमच्याच समाजाचे शेजारचे भाऊ, ज्यांनी आदल्या दिवशी जिन्यात ताई, आमी हाय तुमच्यासोबत म्हणून सांगितलं होतं, त्यांचे हात मांडीवर. त्यांचं बाथरूम गळतंय, सोसायटीच्या परवानगीचा कागद चेअरमनकडं अडकलाय. मी त्यांच्यावर रागावले नाही. वहीवर रागावले.

चेअरमन म्हणाला, "झाली ना हौस, मॅडम? आता तुमची राखीव घ्या न बसा."

या वेळी कुणी हसलं तरी मी हसले नाही. उठून उभी राहिले.

"तुम्ही दिलेली जागा मला नको. आणि ही निवडणूक मला मान्य नाही."

बोलले ते सगळ्यांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून बेलापूरला सहकार खात्याच्या कार्यालयात गेले. तक्रार लेखी दिली, निवडणूक परत घ्या, गुप्त मतदानाने घ्या. नवरा म्हणाला होता, राहायचंय आपल्याला इथं. म्हटलं, राहायचंय म्हणूनच. टेबलामागच्या बाईंनी अर्ज वाचला आणि विचारलं, ताई, तुम्हाला किती मतं पडली? म्हटलं, तीन. त्या म्हणाल्या, मग परत घेऊन काय होणार, परत हराल.

हरेन. दहादा हरेन. पण चिठ्ठ्या पेटीत पडतील, पेटी सगळ्यांसमोर उघडेल, आणि माझ्या नावाच्या चिठ्ठ्या एक एक करून मोजाव्या लागतील. मला पाडायचं असेल तर मोजून पाडा.