मासळीचं बीज आणि चंद्रपूरचा चुकीचा फलाट

मासळीच्या बीजाच्या, म्हणजे माशांच्या पिल्लांच्या, सहा पिशव्यांपैकी दोनमधलं बीज जगलं. काल संध्याकाळी वनितावहिनींनी कुरखेड्याजवळच्या त्यांच्या गावातून फोन करून तसं पक्कं सांगितलं. गावच्या तळ्यात आता मेलेलं काही वर येत नाही, म्हणजे उरलं ते उरलं. मी पुण्यात घरी आहे, बॅग अजून दारातच पडली आहे आणि राग जराही उतरलेला नाही.

शंकर माझा कॉलेजचा मित्र, वनितावहिनी त्याची बायको. त्यांच्या महिला बचत गटाने गावची बोडी, म्हणजे लहान तळं, मासेमारीसाठी लीजवर घेतली आहे. यंदा बीज सोडलं नाही तर लीज दुसऱ्यांकडे जाणार. दरवर्षी शेजारच्या गावासोबत पिकअप करून बीज यायचं, पण या वर्षी शेजाऱ्यांनी माघार घेतली. त्यामुळे वहिनी एकट्याच भद्रावतीकडे जाऊन रोहू-कतल्याची पिल्लं घेऊन आल्या आणि मी मदतीला पुण्याहून येऊन त्यांना चंद्रपुरात भेटलो. तिथून वडशापर्यंत, म्हणजे कुरखेड्याला जवळच्या स्टेशनापर्यंत, पॅसेंजरने जायचं ठरलं, कारण एसटीचे हिसके त्या पिशव्यांना सोसत नाहीत.

गाडी कुठून सुटते, हे मी फोनमधल्या एआय सहायकाला विचारलं. उत्तर क्षणात आलं: चंद्रपूर स्टेशन, सकाळची पॅसेंजर. गाडी खरी होती आणि वेळही बरोबर होती.

फलाटावर ओल्या पोत्यांवर पिशव्या मांडून आम्ही बसलो. अर्धं पाणी, वर ऑक्सिजन, आणि आत काळ्या रेघांसारखी वळवळणारी पिल्लं. वहिनी मधूनमधून एकेक पिशवी हलवत होत्या. बराच वेळ आमच्याकडे पाहणारा चहावाला शेवटी जवळ आला.

"कुठी चालल्या, बाई?"

"वडशाले."

"मंग इथी काऊन बसून राह्यल्या? वडशाची गाडी चांदा फोर्टावरून जाते. इथी येतच नाई ते."

मी फोन पुढे केला. त्याने पाहिला आणि परत माझ्याकडे ढकलला. "भाऊ, हा फोन कधी चढला होता का त्या गाडीत?"

ऑटोने चांदा फोर्ट, चंद्रपूरचंच दुसरं स्टेशन, गाठलं तेव्हा रुळांवर फक्त बकऱ्या होत्या. पुढची गाडी संध्याकाळी होती आणि तोवर ऑक्सिजन पुरणार नव्हता. वहिनींनी पिशव्या सावलीत ओढल्या.

शेवटी पिकअप केली. भाडं तिकिटाच्या कितीतरी पट, ते मी दिलं. मूल गावापर्यंत रस्ता जंगलातला आणि सुरेख आहे. एरवी मी इथे दोन परिच्छेद लिहिले असते. त्या दिवशी मला फक्त खड्डे दिसले. वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोलीत डिझेलसाठी थांबलो. तिथला आलुबोंडा आणि झणझणीत रस्सा चांगला असतो म्हणतात. मी घेतला आणि तसाच ड्रायव्हरला दिला.

तो खात खात मागे वळला. "बाई, तोंडं उघडा ना थोडी. हवा लागन पिल्लायले."

"उघडलं तं ऑक्सिजन गेला. मंग कुरखेड्यात सुकट विकत बसशीन तू," वहिनी म्हणाल्या. तो हसला. वहिनींचा हात पिशवीवर हलतच होता.

बोडीवर गटाच्या बाया सकाळपासून वाट पाहत होत्या. पिशव्या आल्या आल्या उघडत नाहीत. आधी तशाच पाण्यावर तरंगत ठेवतात, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं होईपर्यंत. पहिली पिशवी उघडली, तर सगळी पिल्लं पांढरी पोटं वर करून. वहिनींनी पदर तोंडाला लावला. गटातल्या सर्वात थोरल्या कमळाबाई गुडघाभर पाण्यातूनच म्हणाल्या, "मेलेलं आधी वेगळं काढ, पोरी. रडाचं मंग."

घरी आल्यावर मी या प्रकाराची चौकशी केली. सहायकाला स्वतःला स्टेशनं माहीत नसतात. गावाचं नाव दिलं की स्टेशन शोधून देणारं एक साधन त्याला जोडलेलं असतं. "चंद्रपूर" म्हटल्यावर त्या साधनाने ते नाव लिहिलेलं एकच स्टेशन काढून दिलं, आणि सहायकाने फोर्टाची गाडी बिनधास्त त्याला चिकटवली. या शहरात दोन स्टेशनं आहेत, तुम्हाला कुठलं हवं, एवढं विचारायला काय जात होतं? माहीत नाही म्हणणारा माणूस मला चालतो. हे यंत्र चुकीचं सांगतानाही तितक्याच ठाम सुरात बोलतं आणि पिल्लं मरतात ती दुसऱ्याच्या पदरात. तक्रार केली, तर अभिप्रायाबद्दल आभार मानणारं उत्तर आलं.

तुम्ही या बाजूला येणार असाल तर नक्की या. फक्त वडसा, ब्रह्मपुरी किंवा नागभीडला जायचं असेल तर गाडी चांदा फोर्टहून पकडा, आणि तरीही चहावाल्याला विचारा.

दोन पिशव्यांचं बीज लीज टिकवायला पुरणार नाही. म्हणून शनिवारी गट दुसरी खेप आणायला निघतोय, या वेळी कमळाबाईही सोबत आहेत.

"फोर्टावरूनच येऊ, भाऊजी," काल वहिनी म्हणाल्या. "तुमच्या फोनलेबी सांगून ठेवा."

तक्रारीत तेच सांगितलं होतं. आज सकाळी त्याला तोच प्रश्न पुन्हा विचारला. त्याने क्षणात उत्तर दिलं: चंद्रपूर स्टेशन, सकाळची पॅसेंजर.