माझे फोल्डर कोण बंद करतं

वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यात मी ड्रॉइंग सांभाळतो. माझी पद्धत साधी. ज्या कामाचं ड्रॉइंग अपुरं, त्याचा फोल्डर स्क्रीनवर उघडा. काम संपलं की बंद. वही नाही, यादी नाही. जुना कॉम्प्युटर आम्ही कधी बंदच करत नसू, त्यामुळे सकाळी सगळं जिथल्या तिथे असायचं. नवा आला आणि मालकांनी फर्मान काढलं, संध्याकाळी बंद करून जायचं.

तेव्हापासून रोज सकाळी स्क्रीन कोरी. आठ-नऊ फोल्डर उघडे ठेवून जावं आणि येऊन बघावं तर एक नाही. मग पुन्हा आठवत बसा. शिसारी यायची त्या डबड्याची. सेटिंगमध्ये शिरून ‘मागच्या वेळचे फोल्डर पुन्हा उघडा’ यापुढच्या चौकोनात खूण केली. तरी तेच. दुरुस्तीवाला बोलावला. त्याने रीस्टार्ट केलं, सगळे फोल्डर टपाटप उघडले, आणि तो आमचा चहा पिऊन गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठणठणगोपाळ.

मग मी माणूस शोधला. टिटवाळ्याहून येणाऱ्या एक बाई सकाळी आठ ते दहा त्याच कॉम्प्युटरवर लेबलं काढायच्या आणि मग दिवसभर पॅकिंग करायच्या. पन्नाशीच्या. नवऱ्याला अर्धांगवायू झाल्यावर वीस वर्षांनी पुन्हा नोकरीला लागलेल्या, अजून कायम न झालेल्या.

“मी तुमच्या कशाला हात लावत नाही, दादा,” त्या म्हणाल्या. “मी चालू करते तेव्हा ते नसतातच.”

मी हसलो. मला ते हसणं आता आठवलं तरी ओशाळायला होतं. पुढच्याच आठवड्यात एक अर्धवट ड्रॉइंग माझ्या ध्यानातून निसटून मशीनवर गेलं आणि माल फुकट गेला. मी मालकांना सांगितलं, बाई माझे फोल्डर बंद करतात. मालक त्यांना म्हणाले, परत असं झालं तर उद्यापासून येऊ नका.

त्या भांडल्या नाहीत. मला एवढंच म्हणाल्या, “उद्या मी कॉम्प्युटरला हातच लावत नाही. लेबलं हाताने लिहिते. तुम्हीच येऊन चालू करा.”

मी दहाला येऊन चालू केला. स्क्रीन कोरी.

त्या संध्याकाळी त्या माझ्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. मी शटडाउन दाबलं आणि त्याच झटक्यात वाकून भिंतीवरचं बटण बंद केलं. वडिलांनी लावलेली सवय. रिमोटने बंद केलेला टीव्ही आमच्या घरी चालूच धरतात. भिंतीवरचं बटण बंद केल्याशिवाय कोणी खोलीबाहेर पडत नाही.

“अहो दादा, त्याला आधी नीट बंद तरी होऊ द्या! काय काय उघडं होतं ते तो नोंदवत असणार, तोवर तुम्ही वीजच तोडताय.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शटडाउन दाबून मी हात मांडीखाली घेऊन बसलो, तो पूर्ण थंड होईपर्यंत. सकाळी नऊच्या नऊ फोल्डर उघडे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरच न्याय करायला बसला होता.

मी मालकांच्या केबिनमध्ये गेलो. दार उघडंच होतं. बाई समोरच्याच टेबलावर खोकी बांधत होत्या.

“ते फोल्डरचं... बाईंची चूक नव्हती,” मी म्हणालो.

“मग कोणाची होती?”

बाईंच्या हातातली चिकटपट्टी थांबली.

“कॉम्प्युटरचीच. नवीन आहे ना.”

मालकांनी मान हलवली आणि फोन उचलला. मी बाहेर आलो. बाईंनी वर पाहिलं नाही. पट्टी ओढली, अंगठ्याने दाबून बसवली, पुढचं खोकं घेतलं. मला माझीच किळस आली. तरी मी परत आत गेलो नाही.