ताटीमागची वीतभर जागा

आमच्या भालकीकडं पाऊस पश्चिमेकडून तिरपा येतो आणि मातीच्या भिंती खातो. म्हणून मृगाआधी घरोघरी पश्चिमेच्या भिंतीबाहेर तुराट्यांची, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांची, ताटी आडोशाला बांधायची. भिंतीपासून वीतभर लांब, खालून-वरून मोकळी. आमची आई तर यात कधीच चुकायची नाही. ती भिंत अप्पांनी, माझ्या वडिलांनी, स्वतः माती तुडवून घातलेली. अप्पा गेले, आणि त्यांच्या हातचं म्हणावं असं घरात तेवढंच उरलं.

मी नुकताच सरकारी ओव्हरसियर झालो होतो. सुट्टीत गावी आलो की चार जणांना शहाणपण शिकवल्याशिवाय मला घास गिळवत नसे. त्या वर्षी माझी नजर त्या वीतभर जागेवर गेली. उंदीर, विंचू, पाचोळा, सगळ्यांची सोय तिथं. उगाच सोडलेली जागा म्हणजे अडाणीपणा, असं मी आईला ऐकवलं.

"भिंतीला वारं लागाय पायजे रे," ती म्हणाली.

मी हसलो. भिंत काय श्वास घेती व्हय? दोन दिवस खपून ती जागा चिखलानं गच्च भरली आणि तुराट्यांवर सिमेंटचा गिलावा चढवला. गाव बघायला लोटलं. कुणी उलट विचारू नये म्हणून मी निम्मं इंग्रजीतच सांगितलं.

गिलाव्याला आठ दिवसांत चिरा गेल्या. पूर्वी आत गेलेली ओल वाऱ्यानं सुकायची. आता पाणी शिरलं ते तिथंच मुरत बसलं. श्रावणात भिंतीला पोट आल्याचा आईचा निरोप आला. मी कामावरूनच कळवलं, किरकोळ आहे, काळजी नको. चौथ्या दिवशी भरदुपारी भिंत बाहेरच्या अंगाला बसली. कुणाला लागलं नाही, एवढंच नशीब.

मी धावत आलो. आईनं नेहमीसारखं ताट वाढून पुढं ठेवलं. चार शिव्या दिल्या असत्या तर मला दोन घास तरी गेले असते.

दिवाळीनंतर मी विटांची भिंत बांधली, ओळंबा लावून, अगदी सरळ. पुढच्या मृगाआधी कुणी न सांगता तुराट्या आणल्या आणि वीतभर जागा दोनदा मोजून ताटी बांधायला बसलो. आई उंबऱ्यावरून बघत होती.

"कामून बांधायलास?"

"भिजंल म्हणून."

"भिजू दे की," ती शांतपणे म्हणाली. "ही तुजीच हाय."