पितळी पट्टी

नाशिकच्या आमच्या बर्फाच्या कारखान्यात मी कारकून होतो आणि यंत्रावर एक मिस्त्री होते. मनमाडच्या रेल्वे शेडमध्ये काम शिकून आलेले. बोलणं कमी. सकाळी दारात उभं राहून नुसतं हुंगायचे आणि बर्फ गोठवणारा अमोनिया वायू कुठं झिरपतोय ते बोटानं दाखवायचे.

अमोनियाच्या टाकीवर एक पितळेची पट्टी होती. टाकी कुणी घडवली, किती दाब सोसते, ते तिच्यावर कोरलेलं. मिस्त्री ती रोज चिंचेनं घासत. दसऱ्याला सगळ्या यंत्रांना हळदकुंकू वाहू देत, पण पट्टीला बोट लावू देत नसत.

ऐन लग्नसराईत ती टाकी गंजून निकामी झाली. शेठनी मुंबईहून वापरलेली टाकी आणली. तिला पट्टीच नव्हती.

"जुन्या टाकीची काढा आणि हिला ठोका," शेठ म्हणाले.

"नाय शेठ. ही किती सोसंल ते कुणाला ठावं? फुटली तर समद्यांची छाती जाळंल. आधी पाण्याच्या दाबावर तपासून घ्या, मंग चालू करतो."

जुनी पट्टी त्यांनी फडक्यात गुंडाळून खिशात घातली. कारखाना बंद राहिला.

त्याच आठवड्यात माझ्या बहिणीचं लग्न होतं. सरबत कोमट झालं. व्याही कुरकुरले, "बर्फाच्या कारखान्यात नोकरी, आणि मांडवात बर्फ नाही?"

"आमच्या मिस्त्रींनी यंत्र चालू करू दिलं नाही," मी म्हणालो. ते अशा ऐटीत म्हणालो, की व्याह्यांनी त्याच कोमट सरबतासाठी दुसऱ्यांदा पेला पुढं केला.