पुसलेलं कपाळ

पाटोद्याजवळच्या ओढ्यात आम्ही नवराबायकोनं बाप्तिस्मा घेतला, तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि मी विशीतली होते. पाद्रीसाहेब इंग्रजी मुलुखातून तट्टावर बसून यायचे. ते म्हणायचे, धर्म बदलणं म्हणजे मन फिरवणं, बाकी सगळं वरवरचं. "मग कुंकू कावून पुसायचं?" मी विचारलं. माझी जीभ तेव्हाही तिखटच होती. "ते देवीचं आहे," ते म्हणाले. मी पुसलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. येशूवर माझा जीव जडला होता, हे आधीच सांगून टाकते.

तीन महिन्यांनी तेलगावाहून सांगावा आला, आईनं अंथरूण धरलंय. आम्ही बैलगाडीनं निघालो. गावाशी आल्यावर नवरा बैलांना पाणी पाजायला विहिरीपाशी थांबला. मला धीर निघेना, म्हणून मी एकटीच पुढं धावले. तिथंच चुकलं.

आईनं माझं मोकळं कपाळ पाहिलं आणि ऊर बडवून घेतला. शेजारच्या बाया धावत आल्या. दोघींनी माझे हात धरले, तिसरीनं पाट्यावर आपटून बांगड्या फोडल्या. मी ओरडत होते, "जिते हायेत ते, मागून येतायत." दुःखानं पोरीला भ्रम झाला असं समजून त्या आणखीच रडायला लागल्या.

तेवढ्यात नवरा दारात येऊन उभा राहिला. बायांनी माझे हात सोडले. आईनं त्याच्याकडं पाहिलं.

"जावाईबापू, तुमी तर चांगले हायेत," ती म्हणाली. "मग माझ्या लेकीचं कपाळ कुणी पुसलं?"

एरवी चार माणसांत वचनं म्हणून दाखवणारा माझा नवरा खाली वाकून बांगड्यांचे तुकडे वेचायला लागला. आई माझ्याकडं वळली.

"मी पुसलं ते तुझा बाप मेल्यावर. तू जित्याचं पुसलंस. माझ्या डोळ्यादेखत एकदा लाव. मी गेल्यावर पूस."

नुसतं बोट टेकवायचं होतं. पण ओढ्यात उभं राहून दिलेला शब्दही माझाच होता. "न्हाई जमायचं, आई," मी म्हणाले. देवाशी इमान राखलं की आईशी दुष्टपणा केला, हे मला आजही कळत नाही. दोन्ही केलं असेल.

त्यानंतर ती आठ दिवस जगली. सासूनं जावयाकडून पाय शिवून घेणं आमच्याकडं पाप. तरी नवरा रोज तिचे पाय चेपत बसायचा, आणि ते मागं ओढायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं. तो पाय चेपत असायचा आणि ती माझं मोकळं कपाळ बघून, जावाई गेला म्हणून, त्याचंच नाव घेऊन रडत राहायची.